भामरेभाऊंचं वाफेचं विमान

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले भामरेभाऊ कुठलंही दार समोर उभं राहून उघडत नाहीत. आधी भिंतीला पाठ लावतात, मग हात लांब करून कडी काढतात आणि दार हळूच आत ओढतात. आपण बेल वाजवून उभे असतो. दार उघडतं आणि आत कुणीच नसतं! मग चौकटीच्या कडेनं आधी अर्धी मिशी येते, मागोमाग एक डोळा येतो आणि मग आवाज येतो, "बोला मॅडम. पण दारासमोर नको, बाजूला व्हा."

फ्रिजही ते असाच उघडतात. कपाटही. एकदा आमच्याकडे आले असताना मी मिठाईचा डबा पुढे केला, तर झाकण काढताना मान वळवून बसले. म्हटलं, अहो, पेढे आहेत, बॉम्ब नाही!

त्यांचंही खरं आहे म्हणा. माणूस मूळचा धुळ्याकडचा. सिल्वासाला आला तो कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर. भट्टीचं दार उघडलं की कधी कधी आग भसकन बाहेर येते, म्हणून बाजूला उभं राहायचं, ही तिथली पहिली शिकवण. एक जोडीदार समोर उभा राहिला होता. त्याच्याबद्दल भामरेभाऊ एवढंच सांगतात आणि पुढचं वाक्य गिळून टाकतात.

तेव्हापासून त्यांचा कशावरच भरोसा नाही. दूध उकळेपर्यंत जागचे हलत नाहीत, कारण "दुधाचा भरोसा नही". सोसायटीची सहल दुधनीला गेली, तिथे धरणाच्या पाण्यात नावेत बसण्याआधी यांनी नाववाल्याला विचारलं, "तुझा रिलीव्हर कोण?" म्हणजे तुझी पाळी संपल्यावर तुझ्या जागी येणारा माणूस. तो बिचारा म्हणाला, कुणी नाही, मीच. झालं! भामरेभाऊ काठावर बसून राहिले. आम्ही परत येईपर्यंत आमच्या चपला राखल्या. त्यांचं म्हणणं असं, की बदली माणूस आल्याशिवाय आणि त्याला सगळा चार्ज नीट दिल्याशिवाय जो जागा सोडतो, तो माणूसच नव्हे. मग बॉयलर असो की नाव.

आता मीही काही फार भोळी नाही. चिपळूणची आहे, शाळेत शिकवते, आणि मुलांचं पोट दुखायला लागलं की आधी त्यांचा गृहपाठ बघते. त्यामुळे समोरच्या बंद दाराआडून रोज दुपारी, भाऊंची पहिली पाळी सुटल्यावर, एका तरुण मुलीचा आवाज यायला लागला, तेव्हा माझे कान टवकारले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक लेक जयू नाशिकला. मग ही कोण? मुलगी अगम्य काहीतरी किंचाळायची. मागे इंजिनं धडधडायची, वाफेच्या शिट्ट्या वाजायच्या. आणि भामरेभाऊ ओरडायचे, "उतर व माय, खाले उतर! वारा बरोबर नही!"

तळमजल्यावरच्या कांताबेन जिन्यात मला गाठून म्हणाल्या, "बेन, अंदर छोकरी छे!" मी म्हटलं, छोकरी आहे हे मलाही ऐकू येतंय, पण ती उतरत का नाहीये?

शेवटी मी विरजण मागायचं निमित्त काढलं. घरात दह्याचं भांडं भरलेलं होतं, ते सोडा. बेल वाजवली, दार उघडलं, मिशी आली, डोळा आला. मी बाजूला न होता सरळ आत घुसले.

आत कुणी नव्हतं. टीव्हीवर कार्टून चालू होतं! जपानी कार्टून. ढगांच्या वर तांब्या-पितळेची अवाढव्य जहाजं तरंगत होती, त्यांच्या पोटात भट्ट्या पेटलेल्या, धुराड्यांतून वाफ. आणि त्या जहाजांवरून पोरंसोरं इवलाली विमानं घेऊन उडत होती. त्यातलीच एक लाल मफलरवाली पोरगी म्हणजे कांताबेनची छोकरी.

"भाऊ, या वयात कार्टून?"

"कार्टून नाही मॅडम," त्यांनी आवाज बारीक केला. "तपासणी चालूये."

मग सगळं बाहेर आलं. जयूनं नर्सिंग केलं होतं, जपानी भाषाही शिकली होती. तिला जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायची नोकरी मिळत होती. महिनाअखेरीला कळवायचं होतं. ती बापाला म्हणाली होती, "पप्पा, तुम्ही हो म्हटलं तरच जाईन." आणि बाप काही हो म्हणेना. नोकरी देणाऱ्यांवर भरोसा नाही, विमानावर नाही, समुद्रावर तर नाहीच नाही. ते लोक आहेत तरी कसे, असं त्यांनी विचारलं तेव्हा जयूनं ही मालिका लावून दिली. तिची फार लाडकी. म्हणाली, "फारशी कुणी पाहिलेली नाही पप्पा, पण जपानी मालिकांत इतकी चांगली दुसरी नाही."

"इथंच मला शंका आली," भामरेभाऊ म्हणाले. "चांगली आहे, तर मग कुणी पाहत का नाही? राक्षसांच्या अन् मारामारीच्या मालिकांची चित्रं पोरांच्या टीशर्टावर छापलेली असतात. हिची कुठंय? हिंदीतसुद्धा केली नाही. काहीतरी दडवलंय."

मी म्हटलं, अहो, पण कार्टून बघून मुलीचं भवितव्य ठरवतात का कुणी?

त्यावर ते जे बोलले ते मला अजून आठवतं. "मॅडम, माणूस माणसाशी खोटं बोलतो. पण आपल्या पोरांना गोष्ट सांगताना कसा बोलतो ते बघायचं. यांच्या गोष्टीत पोरं वर पाठवतात. ती घरी परत आणतात की नाही, ते मला बघायचंय."

मी खुर्ची ओढून बसले. विरजण राहिलंच.

आणि आता खरी गंमत. भाऊंना जपानी येत नव्हतं आणि खालची इंग्रजी अक्षरं ते वाचेपर्यंत पळून जात. निम्मी मालिका त्यांनी नुसत्या चेहऱ्यांवरून तपासली होती! मग अक्षरं वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. तर त्यातही शंका. "एवढा वेळ बोलला तो कप्तान, अन् तुम्ही 'बरं' एवढंच सांगितलं?" अहो, तो 'बरं' एवढंच म्हणाला होता, पण दहा प्रकारे म्हणाला, त्याला मी काय करू!

मलाही हळूहळू नाद लागला. तपासायच्या वह्या कडेला पडून राहिल्या. आमचे हे विचारायचे, चहा मिळेल का? म्हटलं, थांबा जरा, जहाजाला छिद्र पडलंय. जहाजावरचं कुणीतरी फितूर होतं. कोण, यावर आमची रोज भांडणं. भाऊंचा संशय कप्तानावर, कारण तो पांढरे हातमोजे घालतो. "इंजिनाजवळ पांढरे मोजे? हा माणूस कामाचा नाही." माझा संशय चहा देणाऱ्या गोड बाईवर. इतकं गोड बोलणारं माणूस मी स्टाफरूममध्ये पाहिलेलं आहे. भट्टीचा देखावा आला की मात्र भाऊ खुर्चीत पुढे सरकत. "सेफ्टी व्हॉल्व्ह कुठंय? नाही ना? एवढं प्रेशर अन् व्हॉल्व्ह नाही! यांच्यावर पोरगी सोपवू?"

पण त्यांचा खरा डोळा होता एका म्हाताऱ्यावर. जहाजाच्या पोटात भट्टी सांभाळणारा, पाठीत वाकलेला, फारसं न बोलणारा. त्याचं जपानी नाव लांबलचक. भाऊ त्याला आबा म्हणत. ती मफलरवाली पोरगी दर खेपेला उडण्याआधी आबाच्या भट्टीशी येऊन हात शेकायची आणि तो तिला हातानं बाजूला सारायचा. भाऊ हरखून जात. "बघा! दारासमोर उभं राहू देत नाही. हा आपला माणूस."

शेवटून दुसऱ्या भागात घात झाला. पोरगी एकटीच दूर गेलेली, खाली दाट धुकं, तिला परत यायला जहाज दिसेना. इकडे जहाजावर आग. आणि आबा भट्टीपाशी नाही! जागा रिकामी. भट्टीचं दार उघडं, आत आग, समोर कुणी नाही. भाग संपला.

भामरेभाऊंनी टीव्ही बंद केला. चेहरा असा झाला, जसं काही सख्ख्या भावानं फसवलं. तिथल्या तिथे जयूला फोन लावला. "नही. नाही जायचं तू. यांचा भट्टीवाला जागा सोडून पळतो." आणि फोन ठेवला.

थोड्या वेळानं जयूचा मला फोन. रडत होती. "काकू, शेवटचा भाग बघायला लावा हो त्यांना. पुढचं मी सांगितलं तर म्हणतील, पोरगी बनवते. प्लीज काकू!"

दोन दिवस भाऊंनी दार उघडलं नाही. महिनाअखेर तोंडावर आलेली. आता माझं डोकं फिरलं. तिसऱ्या दिवशी मी जिन्यातूनच कडाडले, सगळी सोसायटी ऐकेल अशी. "भामरेभाऊ! तपासणी अर्धवट टाकून घरी जायची पद्धत आहे का तुमच्याकडे? का आबापाठोपाठ तुम्हीपण जागा सोडलीत?"

कडी वाजली. मिशी आली. डोळा आला, लाल झालेला. "लावा," म्हणाले.

शेवटचा भाग लागला. धुकं. पोरगी गोल गोल फिरतेय, इंधन संपत आलंय. मी भराभर वाचून दाखवतेय. आणि मग दिसलं. आबा पळालेला नव्हता. भट्टी त्यानं पोरीबरोबर उडणाऱ्या एका पोराच्या हाती दिली होती. एकेक कळ दाखवून, काटे दाखवून, दाराच्या बाजूला उभा करून. आणि स्वतः पाठीतला बाक घेऊन जहाजाच्या टोकाशी चढला होता, मोठी झडप उघडायला. वाफेचा पांढराशुभ्र खांब धुक्याच्या वर निघाला, उंच. पोरीनं तो पाहिला. ती वळली.

"चार्ज दिला होता!" भामरेभाऊ उभेच राहिले. "मॅडम, त्यानं चार्ज देऊन जागा सोडली होती! मागच्या भागात दाखवलंच नाही लबाडांनी! दडवलं होतं, मी म्हणत होतो ना, काहीतरी दडवलंय!" आणि खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसायला लागले. घाम नव्हता तो. मीही पदर लावला डोळ्यांना, खोटं कशाला बोलू?

मग त्यांनी फोन केला. पलीकडून जयू काही बोलायच्या आत म्हणाले, "जाय माय. जाय तू."

(फितूर कोण निघालं, विचाराल तर चहावाली. मी आधीच सांगितलं होतं.)

जयू निघाली त्या दिवशी भाऊ मुंबईच्या विमानतळापर्यंत गेले आणि एकटेच परत आले. दुपारी मी डोकावले, तर गॅलरीत उभे, हातात फोन, नजर आभाळात. विमान गेलं पूर्वेला आणि आमची गॅलरी पश्चिमेला, पण हे त्यांना कोण सांगणार? पोटात सकाळपासून चहासुद्धा नव्हता.

"भाऊ, दोन घास खाऊन घ्या. डाळ-भात आणलाय."

"कसं खाऊ? ती वर आहे अजून."

मी डबा खाली ठेवला. पदर खोचला. म्हटलं, "मी रिलीव्हर. चार्ज द्या."

त्यांनी मला खालीवर न्याहाळलं. परीक्षेला बसलेल्या पोरांकडे मी बघते तसं. "झोपाल तुम्ही."

"इतकी वर्षं पर्यवेक्षण केलंय मी! माझ्या वर्गात डाससुद्धा कॉपी करत नाही."

मग त्यांनी चार्ज दिला. अगदी रीतसर. फोनचा आवाज पूर्ण वाढवलेला आहे. रेंज या खांबापाशी येते, त्या खांबापाशी जाते. तिचा फोन आला तर आधी विचारायचं, जेवलीस का. सगळं माझ्याकडून एकदा म्हणवून घेतलं आणि मगच जेवायला गेले. जेवून आतल्या खोलीत आडवे झाले. मधूनच आतून आवाज, "जागी आहात ना?" आहे हो बाबा, आहे!

ऊन उतरता उतरता फोन वाजला. जयूच होती. उतरली होती. मी जेवणाचं विचारायचं विसरले आणि धावत जाऊन आतलं दार ठोठावलं, "भाऊ, जयू! पोचली!"

दार धाडकन उघडलं. मिशी नाही, डोळा नाही, सगळेच्या सगळे भामरेभाऊ चौकटीच्या मधोमध उभे. त्यांना दारात इतकं सबंध मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"माय? जेवलीस का? न्यायला कोण आलंय? त्याचं नाव विचार. फोटो पाठव त्याचा. तिथली दारं कशी आहेत? आपोआप उघडतात? मग तर अजिबात समोर उभी राहू नको!"

फोन संपला. ते तो हातात धरून उभे राहिले. पाळी संपली की माणूस घरी जातो. पण हे तर घरीच होते, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. टीव्ही बंद, स्वयंपाकघरात एकच ताट पालथं घातलेलं. मला निघवेना.

"मॅडम," ते भिंतीकडे बघत म्हणाले, "सुरुवातीचे भाग तुम्ही पाहिलेच नाहीत. अन् मी पाहिले, पण मला काही कळलेलं नाही."

"मग लावा की. वाचायला मी आहे."

त्यांनी टीव्ही लावला. माझ्यासाठी खुर्ची उचलली, एका जागी ठेवली, दाराकडे संशयानं पाहिलं आणि ती पुन्हा उचलून पार भिंतीशी नेऊन ठेवली.

"इथं बसा," म्हणाले. "दारासमोर नको."