झाकण लावलं की मरतो

घरच्या घरी कॉम्प्युटर जोडण्यात काही विशेष नाही, हे मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगून ठेवतो. बोर्डावर चिप बसवायची, चिपवर पंखा बसवायचा, मेमरीच्या पट्ट्या खटकन आवाज येईपर्यंत दाबायच्या आणि वायरी ज्या भोकात जातात त्याच भोकात घालायच्या, कारण दुसऱ्या भोकात त्या जातच नाहीत. हे सगळं मी जेवणाच्या टेबलाशी बसून बायकोला समजावून सांगितलं. ती एका लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढते. समोरचा कितीही कळवळून बोलला तरी तिचा चेहरा हलत नाही.

"तयार का नाही घेत?" तिनं विचारलं.

"तयार घेणाऱ्याला आत काय चाललंय ते कळत नाही."

"आणि तुला कळतं?"

"जोडला की कळेलच."

तिनं टेबलावरची ताटं उचलली.

आता खरं काय ते सांगतो. माझी नोकरी गेली होती. छपाईची शाई बनवणाऱ्या कारखान्यात मी खरेदी विभागात होतो. एका सकाळी गेलो तर गेटवर टाळं आणि टाळ्याशेजारी एक माणूस. त्यानं ओळखपत्र काढून घेतलं, खांद्यावरचा लॅपटॉप काढून घेतला, आणि डबा तेवढा राहू दिला. माझ्या वयाच्या माणसाला पुन्हा कोणी बोलावत नाही हे मला पुढच्या काही महिन्यांत नीट कळलं. मला भीती वाटायला लागली होती. दिवसा जास्त वाटायची, कारण दिवसा सगळे कामाला गेलेले असतात.

आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. "आता ऑफिसनं घरूनच काम करायला सांगितलंय," एवढंच म्हणालो होतो. बाबा जाऊन फार दिवस झाले नव्हते. ते सिमेंटच्या गोदामात आयुष्यभर होते, आणि शेवटी त्यांना पलंगापासून खिडकीपर्यंत जायचा दम उरला नाही. डॉक्टरांनी एकच शब्द सांगितला, धूळ. तेव्हापासून आईनं धुळीशी उभा दावा मांडला. आमच्या टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटला पिशवी. भिंतीवरच्या घड्याळालाही कव्हर होतं, वेळ बघायची तर स्टुलावर चढून ते वर करावं लागायचं. दारामागे बाबांची काळी छत्री टांगलेली असे, तिलाही आईनं पिशवी शिवली होती. त्यातच आमच्या घरासमोरचा रस्ता खणायला घेतला होता, त्यामुळे तिचं फडकं हातातून सुटत नसे.

अशात एक मुलाखत आली. औषधांच्या मोठ्या गोदामात साठा सांभाळणारा अधिकारी हवा होता. मुलाखत घरबसल्या पडद्यावर, आणि त्यातच साठ्याच्या आकड्यांची एक चाचणी. मोबाइल चालणार नाही असं स्पष्ट कळवलं होतं. म्हणून हा कॉम्प्युटर.

जोडला, बटण दाबलं आणि तो पहिल्या झटक्यात सुरू झाला! पंखे फिरले, पडदा उजळला. मी बायकोकडे अशा नजरेनं पाहिलं की तिला कपडे वाळत घालायचं काम आठवलं. मग मी झाकण लावून चारी स्क्रू पिळले. आई फडकं घेऊन आली आणि त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "ह्याला एवढी भोकं कशाला रे?"

"हवा आत जायला."

"आणि धूळ?"

"धूळपण जाते थोडी."

आईनं पुढच्या जाळीवर तळहात धरून पाहिला. मी खुशीत अंघोळीला गेलो आणि दुपारी मित्राकडे जाऊन फुशारकी मारून आलो.

दुसऱ्या दिवशी चाचणीचा सराव करायला बसलो आणि थोड्या वेळात पडदा काळा. पुन्हा सुरू केला, पुन्हा काळा. मी झाकण काढलं. आत सगळं जागच्या जागी. तसाच उघडा सुरू केला तर दुपारभर चालला. झाकण लावलं, मेला.

इथून माझी विचारशक्ती जोरात चालायला लागली. झाकण कुठली तरी वायर दाबत असणार! वायरी बाजूला बांधल्या. मेला. मेमरीची पट्टी सैल असणार! दोन्ही काढून पुसून परत बसवल्या. मेला. हात लावून पाहिला तर अंग तापलेलं, म्हणून चिप गार ठेवणारी पेस्ट पुसून नवी लावली. उघडा ठेवून तापमान पाहिलं तर ठणठणीत. झाकण लावलं, मेला. मग मी भिंतीतल्या प्लगवर संशय घेतला आणि सगळं बिऱ्हाड स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याशेजारी हलवलं. तिथंही मेला. बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, "जागेला दोष देऊ नकोस."

शेवटी त्याला कडेवर घेऊन दुकानात गेलो. जिथून सुटे भाग घेतले होते तो दुकानदार कायम कंटाळलेला असतो. त्यानं झाकण काढलं, वायर लावली आणि स्वतः चहा प्यायला गेला. तो परत आला तरी कॉम्प्युटर चालू.

"चालतोय की," तो म्हणाला.

"झाकण लावलं की मरतो."

"मग लावू नका."

ह्या सल्ल्यात मला अपमान वाटला. पण मुलाखत उद्यावर आली होती, आणि अपमान गिळायची मला तोपर्यंत सवय झाली होती. घरी येऊन ठरवलं, उघडाच ठेवायचा. आईला बजावलं, "उद्या माझी ऑफिसची मोठी मीटिंग आहे. खोलीत यायचं नाही. काही झालं तरी नाही."

"मी कशाला येतेय?" आई म्हणाली.

मुलाखतीला पलीकडे चष्मेवाल्या एक बाई आणि अजिबात न हलणारे एक गृहस्थ होते. सुरुवात झकास झाली. साठा, खरेदी, पुरवठादार, सगळं मला तोंडपाठ. बाई मान डोलावत होत्या. कितीतरी दिवसांनी मला कोणी साहेब म्हटलं आणि मी खुर्चीत ताठ होऊन बसलो, हे मी लपवत नाही. बाहेर रस्त्यावर तेवढ्यात खणायचं यंत्र सुरू झालं. खिडकीतून धुळीचा एक लोट आत आला.

मग दार हळूच उघडलं. आई ओणवी होऊन, कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून पदर डोक्यावरून घेऊन, टेबलाखालून येत होती. मी चेहरा हसरा ठेवून पायानं तिला नको नको म्हणून खुणावलं. तिनं माझा पाय थोपटला. तुझं चालू दे, असा त्याचा अर्थ. मग तिनं उघड्या कॉम्प्युटरवर फडकं मारलं, भिंतीला टेकवलेलं झाकण उचललं, बसवलं, आणि चारी स्क्रू नाण्यानं पिळून आली तशीच ओणवी परत गेली. जाताना तिच्या चेहऱ्यावर मुलाचं काम केल्याचं समाधान होतं.

आता माझ्याकडे थोडीशीच मिनिटं होती आणि ते फक्त मलाच माहीत होतं. मी भराभर बोलायला लागलो. प्रश्न संपायच्या आत उत्तर सुरू करायला लागलो. हसऱ्या चेहऱ्यानं एक हात लांबवून स्क्रू चाचपू लागलो, तर खांदा पडद्याबाहेर आणि कान पडद्यात.

"जरा सावकाश," बाई म्हणाल्या. "आपल्याला घाई नाहीये."

"नाही, मला कामाची सवय अशीच आहे. चाचणी आत्ताच घेता का?"

"घेऊ की. त्याआधी एक सांगा, एखादी अडचण आली तर तुम्ही ती कशी सोडवता?"

ह्या प्रश्नानं माझा घात केला. मी म्हणालो, "माझंच उदाहरण देतो. हा कॉम्प्युटर मी स्वतः जोडलाय. सारखा बंद पडायचा. दुसरा कोणी असता तर दुकानात टाकून आला असता. मी मुळाशी गेलो."

न हलणारे गृहस्थ पहिल्यांदाच पुढे झुकले. "वा. मग मूळ काय निघालं?"

पडदा काळा झाला.

मी फोन केला. बाई सौजन्यानं बोलल्या, पुढचे उमेदवार थांबलेत म्हणाल्या, कळवतो म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी कळवलं. आमच्या शुभेच्छा सदैव आपल्यासोबत आहेत, असं त्यात होतं.

बायको आली, तिनं वाचलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा चेहरा हलला. मी कॉम्प्युटरपाशी गेलो, पुढची जाळी दोन्ही हातांनी धरली आणि रागानं ओढली. ती अलगद हातात आली. ती निघते हे मला ठाऊकच नव्हतं. आतल्या बाजूनं काळं कापड लावलेलं होतं. चारी कडा दुमडून, बारीक टाके घालून, एक सुरकुती नाही. वरची जाळी काढली, तिथंही तसंच. पाण्याचा थेंब जाणार नाही असं ते कापड होतं, मग हवा कुठून जाणार. मी दारामागे गेलो आणि छत्रीची पिशवी चाचपली. आत नुसत्या काड्या होत्या.

आई दारात उभी होती.

"पहिल्याच दिवशी लावलं," ती म्हणाली. "तू अंघोळीला गेलास तेव्हा माप घेतलं. मी जाळीवर हात धरून पाहिला होता रे, तो सगळी धूळ आत ओढत होता. तुझे बाबा असंच करायचे. मला बघवेना."

मला ओरडायचं होतं. पण ते टाके इतके नीट होते की मला खालीच बसावं लागलं.

"आई, त्याला हवा लागते," मी म्हणालो. "हवा मिळत नव्हती म्हणून तो बंद पडत होता."

आई पलंगावर टेकली. मग उठून कात्री घेऊन आली आणि स्वतःच्या हातानं एकेक टाका उसवत बसली. मी जाळ्या लावल्या, झाकण लावलं, स्क्रू पिळले, बटण दाबलं. जेवणं झाली, भांडी झाली, तरी तो चालू होता. कधी नव्हे इतका छान चालू होता.

आईनं छत्रीच्या कापडाची घडी मांडीवर ठेवली होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक विचारू? घरून काम करणारा माणूस असा दिवसभर स्क्रू पिळत बसत नाही. खरं सांग. नोकरी गेली ना?"

मी बायकोकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती.

"कुठली? आधीची की आजची?" मी विचारलं.