अर्धं झाकण कॅल्शियम

उस्मानपुऱ्यातल्या त्या फ्लॅटमध्ये सगळ्यात नाजूक तब्येत हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची होती. तिच्यात थोडी प्रवाळं आणि दोन नारिंगी मासे. मंदार रोज सकाळी चहाच्या आधी त्या पाण्यातलं कॅल्शियम तपासायचा. त्याच्या आईचे गुडघे त्याच हॉलमधून कुरकुरत जायचे, पण त्यांच्याकडे बघायला त्याला सवड नव्हती.

ट्रेनिंगसाठी पुण्याला जायची वेळ आली तेव्हा त्यानं नाइलाजानं टाकी वडिलांच्या हवाली केली.

"बाबा, सकाळी या बाटलीतलं अर्धं झाकण कॅल्शियम. संध्याकाळी या दुसऱ्या बाटलीतलं अर्धं झाकण. दोन्ही एकदम टाकायची नाहीत. बाकीची सूक्ष्म द्रव्यं मी आल्यावर बघतो, त्यांना हात लावू नका."

लक्ष्मणराव हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. अजिंठ्याचं घर बंद करून मुलाकडे आल्यापासून त्यांना कुणी एकही काम सांगितलं नव्हतं. आता मुलानं आपल्यावर भरवसा टाकला, या आनंदात ते आंघोळ करूनच टाकीपुढे उभे राहू लागले.

एका सकाळी एक प्रवाळ मिटलेलं दिसलं. मंदारच्या आईनं, यमुनाबाईंनी, कमरेवर हात ठेवले.

"अर्ध्या झाकणानं काय व्हायलंय त्यांचं? पाहुण्यालासुद्धा आपण अर्धी पोळी वाढत नाही."

"मंदार अर्धंच म्हणालाय."

"तो जेवतानाही अर्धीच म्हणतो. मी वाढतेच की!"

लक्ष्मणरावांनी नियमाप्रमाणे वर विचारायचं ठरवलं आणि फोन लावला. मंदारनं तो कापला. 'मीटिंगमध्ये आहे' असा मेसेज तेवढा आला. मग यमुनाबाईंनी आग्रह करकरून कॅल्शियम वाढलं, आणि नुसतं एकच काय द्यायचं म्हणून लगेच दुसरी बाटलीही ओतली. बघता बघता पाणी ताकासारखं पांढरं झालं.

लक्ष्मणरावांनी पुन्हा फोन लावला. मंदारनं पुन्हा कापला. त्यानंतर फोन बंदच लागायला लागला.

तेवढ्यात जिन्यात ओरडा झाला, "पाणी आलं!"

या शहरात आठवड्यानं नळाला पाणी आलं की माणूस विचार करत नाही, भरून घेतो. दोघांनी बादल्यांनी टाकी उपसली आणि नळाच्या ताज्या पाण्यानं काठोकाठ भरली. त्यात घरातला पिण्याचा ड्रम अर्धाच राहिला, पण लेकाचं धन वाचत होतं.

"गोडं पाणी आहे. बिचाऱ्यांनी जन्मात प्यायलं नसेल," यमुनाबाई समाधानानं म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत दोन्ही मासे उलटे तरंगत होते आणि प्रवाळं विरघळायला लागली होती.

मंदार परत आला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"बाबा, एक काम सांगितलं होतं," एवढंच म्हणाला.

लक्ष्मणरावांना ते फार लागलं. 'मी फोन केला होता' हे शब्द त्यांच्या तोंडापर्यंत आले आणि त्यांनी ते गिळले.

पुढं नवी टाकी आली, पहिलीपेक्षा मोठी. सोबत एक यंत्रही आलं. मंदारनं दोघांना समोर बसवून समजावलं.

"आता कुणी काही करायचं नाही. हे सगळं मोजून हेच टाकतं. कॅल्शियम जरा जरी घसरलं तरी मला थेट फोन येतो. मीटिंगमध्ये असलो तरी, गाडी चालवत असलो तरी."

लक्ष्मणराव त्या यंत्राकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच विचारलं,

"आणि त्याचा तू उचलतोस?"