कॉम्प्युटरची बावीस मिनिटं

आमचा कॉम्प्युटर सुरू व्हायला बावीस मिनिटं घ्यायचा, हे मी अंदाजाने सांगत नाही. अकरा दिवस स्टॉपवॉच लावून नोंदी घेतल्या, सरासरी काढली, वर आलेखही काढला. (आयुष्यभर म्हैसूरच्या एका कॉलेजात उष्णताशास्त्र शिकवलं, दुसरं काही येत नाही. तेवढं तरी येतं का, अशी शंका निवृत्तीनंतर बारा वर्षांनीही मला अधूनमधून येते.) तेवढ्या वेळात माझी बायको जलजाक्षी उप्पिट्टू करून, खाऊन, बशी विसळून यायची आणि विचारायची, "उठले का तुमचे महाराज?"

चालत होतं तसं चाललं असतं. पण परवा एका कॉलेजातून पत्र आलं. शनिवारी सकाळी अकराला ऑनलाइन व्याख्यान द्या. विषय, 'यंत्रातली उष्णता बाहेर कशी काढावी'. बारा वर्षांत पहिलं आमंत्रण! तिकडे सगळे जमलेत आणि इकडे मी काळ्या पडद्यासमोर बसलोय, हे चित्र डोळ्यांसमोर आलं. म्हातारा संपला, असंच लोक म्हणणार. ठरवलं, कॉम्प्युटरचा वेग आपणच वाढवायचा.

"पुट्टस्वामीला बोलवा ना," जलजाक्षी म्हणाली. "कोपऱ्यावर दुकान आहे त्याचं."

"तो माझ्या विषयात दोनदा नापास झालाय."

"आणि तुम्ही पहिल्या वर्गात पास होऊन काय केलंत? आलेख!"

मी दुर्लक्ष केलं. कॉम्प्युटरबरोबर आपोआप उठणारे प्रोग्राम बंद केले की वेळ वाचतो, असं वाचलं होतं. यादीत एकोणतीस नावं निघाली. ज्यांची ओळख पटली नाही ती सगळी बंद केली. (ओळख एकाचीही पटली नव्हती.) परिणाम? एकवीस मिनिटं, चाळीस सेकंद. शिवाय आवाज गेला आणि अक्षरं मुंगीएवढी झाली.

शुक्रवारी संध्याकाळी मुकाट्याने पुट्टस्वामीला बोलावलं.

त्याने कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "सर, यावर डोसा घालता येईल!"

मग स्क्रू काढून झाकण उघडलं आणि डबा वर्तमानपत्रावर तिरका केला. आतून तांदूळ घरंगळले. पिवळे, कुंकवाचे डाग पडलेले. दोन वाट्या तरी असतील. आतला पंखा त्यांत गच्च रुतून बसला होता.

"आयुधपूजेच्या अक्षता!" मी जिंकल्यासारखा ओरडलो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे मिक्सर, स्कूटर, विळी, सगळ्यांची पूजा होते, तशी याचीही व्हायची. "अगं, तांदूळ टाकून यंत्र चालत नसतं. पंखा अडकला की उष्णता आत कोंडते, आणि तापलेलं यंत्र स्वतःचा जीव वाचवायला सावकाश चालतं!"

पुट्टस्वामीने मान वर केली. "सर, तोंडी परीक्षेत हेच विचारलं होतंत मला. पंखा अडकला तर काय कराल? मी म्हणालो, उघडून बघेन. तुम्ही शून्य दिलंत."

मी चष्मा पुसला.

"मी वर्षातून एकदा वरच्या जाळीवर चार दाणे वाहते," जलजाक्षी शांतपणे म्हणाली. "सहा वर्षांचे झाले चोवीस. बाकीचे कुठून आले?"

"साचतात," मी म्हणालो. (शास्त्र शिकवणाऱ्याने इतकं मोघम उत्तर देऊ नये.)

पुट्टस्वामीने सगळं साफ केलं, आवाज परत आणला, अक्षरं मोठी केली. "उद्या फक्त बटण दाबा सर. व्याख्यान आपोआप समोर येईल."

शनिवारी अकराला बावीस मिनिटं असताना दार लोटलं, बटण दाबलं. मग सवयीप्रमाणे खिशातली अक्षतांची पुडी काढली, डोळे मिटले आणि जाळीवर चिमूट चिमूट सोडत पुटपुटलो, "बाबा रे, आजचा दिवस चाल. पाया पडतो तुझ्या. म्हाताऱ्याची लाज राख." गेली सहा वर्षं बटण दाबलं की रोज हेच करत आलो होतो. वेळही भरपूर असायचा.

मिनिटभराने डोळे उघडले, तर यंत्र केव्हाच जागं झालं होतं. पडद्यावर त्रेचाळीस चेहरे होते. सगळे उभे. सगळ्यांचे हात जोडलेले. इकडे कुठलाही कार्यक्रम प्रार्थनेने सुरू होतो, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

"प्रार्थना फार मनापासून झाली, सर," विभागप्रमुख म्हणाल्या. "सगळे आलेच आहेत, तर लवकर सुरू करू या?"

मागे जलजाक्षी कॉफीचा पेला घेऊन उभी होती. तिची नजर माझ्या हातातल्या पुडीवर होती.

व्याख्यान तासभर चाललं. एकही समीकरण विसरलो नाही. शेवटी विचारलं, "काही शंका?"

एक हात वर झाला. "सर, तांदूळ कच्चा घ्यायचा की उकडा?"

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "कच्चा. पण वर्षाला चारच दाणे!"