लोकरीला लागलेला मासा

घराला रंग द्यायला रंगारी आला तो नेमका रविवारी, आणि रंगाच्या वासाने डोकं चढतं म्हणून सासूबाई जावयाबरोबर तळ्यावर निघाल्या. जावयाचा चेहरा उतरला. त्याचं चष्म्याचं दुकान. आठवडाभर "हे अक्षर दिसतं का? आता?" करून घसा बसलेल्या माणसाला रविवारी शांतता हवी असते. सासूबाई होत्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्या गप्प बसल्या, तरी समोरच्याला आपलं काहीतरी चुकतंय असं वाटत राही.

"गळ टाकल्यावर बोलायचं नसतं, आई," काठावर बसता बसताच त्याने सांगून टाकलं.

"मी कुठे बोलते? मी विणते." त्यांनी पिशवीतून मोहरीच्या रंगाची लोकर काढली. "तुमचाच स्वेटर. एक बाही राहिलीय."

तो रंग पाहून चष्मेवाल्याने मुकाट्याने पाण्याकडे तोंड केलं.

त्याची काठी साध्या बांबूची. टोकाला दोरा, दोऱ्याला लाल बूच, खाली गळ आणि गळाला कणकेची गोळी. बूच बुडालं की मासा लागला, एवढंच शास्त्र. तळ्यात कार्प जातीचे मोठे मासे होते, पण इतक्या वर्षांत त्याच्या वाट्याला बोटभर चिंगळ्याच आल्या होत्या.

बूच जागचं हलेना.

"तिकडे बुडबुडे येताहेत," सासूबाई म्हणाल्या.

चष्मेवाल्याने वैतागून काठी मागे नेली आणि झोकात पुढे झटकली. मागे गेलेला गळ येताना पिशवीतला लोकरीचा गुंडा घेऊन आला. गुंडा दोघांच्या डोक्यावरून उडाला आणि बुडबुड्यांत जाऊन पडला.

"जावईबापू, आमची लोकर पाण्यात गेली."

"काढतो, आई. हलू नका."

त्याने काठी इकडे हलवली, तिकडे हलवली. लोकर सुटायची राहिली बाजूला, तिने बुचाला चांगले वेढे घातले. आणि तेवढ्यात बूच सरळ खाली गेलं. बांबू वाकला, कडाडला, आणि अर्धा बांबू दोऱ्यासकट माशाबरोबर निघून गेला. चष्मेवाल्याच्या हातात कुत्र्याला हाकलण्यापुरता तुकडा उरला.

"गेला," म्हणत तो गवतात बसला.

"कुठे गेला? माझी बाही उसवतेय."

खरंच, सुईवरची बाही सरसर उसवत पाण्याकडे धावत होती. चष्मेवाला ताडकन उठला.

"धरा, आई. पण ओढू नका. ढील द्या."

"किती?"

"तो मागेल तेवढी."

"असले लाड मी वर्गात केले नाहीत," म्हणत त्यांनी ढील दिली.

मासा तळं फिरला. बाहीचा खांदा गेला, कोपर गेलं. मनगटाशी येईपर्यंत मासाच दमला. मग सासूबाई पंजावर लोकर गुंडाळत त्याला सावकाश काठाशी आणू लागल्या. चष्मेवाला बुटांसकट गुडघाभर पाण्यात शिरला आणि त्याने बरोबर आणलेली दांड्याची जाळी माशाखाली घातली.

कार्प सोनेरी होता, कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा. पकडलेला मासा परत सोडावा, अशी पाटी काठावर होती. त्याने गळ काढला आणि मासा सोडला. सोडल्यावर त्याच्या लक्षात आलं, दाखवायला आता काहीच नाही.

"घरी सांगितलं तर ही हसेल," तो म्हणाला. "एरवीही हसतेच."

सासूबाई लोकर पिळत राहिल्या.

दारातच बायकोने भिजलेली पँट पाहिली, मोडकी काठी पाहिली.

"हे काय करून आलात?"

तो तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात फाकवले.

"एवढा कार्प धरला यांनी."

त्या दोन हातांत दाराची चौकट मावली असती. चष्मेवाला गोंधळला. "नाही गं, एवढा नव्हता. असा, कोपरापर्यंत..."

"तुम्ही मध्ये बोलू नका," बायको म्हणाली. "आईने जन्मात कोणाला अर्धा गुण वाढवून दिला नाही. ती मासा वाढवेल?"

शिडीवरच्या रंगाऱ्याने ब्रश थांबवून चष्मेवाल्याकडे आदराने पाहिलं. बायको कोरडा टॉवेल आणायला धावली, असं लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं.

"आई, अहो, एवढा कुठे होता?" त्याने हळूच विचारलं.

"अपूर्णांक बरा दिसेना," सासूबाई म्हणाल्या. "पूर्णांक करून टाकला."