मागच्या सीटवरचा श्वास

“कान लावून बसू नकोस गं. कान लावणाऱ्याला एक दिवस नको ते ऐकू येतं.”

सासूबाई हे म्हणाल्या तेव्हा मी पाळण्याशेजारच्या भिंतीत खिळा ठोकत होते. त्यावर एक छोटं पांढरं यंत्र लटकवायचं होतं. बाळाच्या खोलीतला बारीकसारीक आवाज ते माझ्या मोबाइलवर पोचवतं, मग मी गच्चीवर असो नाहीतर गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी हसले. पदार्थविज्ञान शिकलेली बाई मी! वर ऐटीत सांगितलं, “आई, हजार बाळं ओळीनं झोपवा. आपल्या बाळाचा श्वास मी डोळे मिटून ओळखेन.”

“बरं,” सासूबाई म्हणाल्या. त्या माझ्याशी नोटीस बोर्डासारख्याच बोलतात. दूध तापलंय. बाळ झोपलंय. बरं.

आता गाडीचं सांगते. आम्हाला सेडान घ्यायची होती. बाहेरून आटोपशीर, आतून राजवाडा. नवऱ्याचं म्हणणं, आपल्या दोघांना शोभेल अशी हवी. मी बेचाळीस रकान्यांचा तक्ता केला. बाळाची सीट अडकवायला हूक कुठे, बाबागाडी डिकीत मावते का, दार लावताना बोट चेमटायची शक्यता किती. नवऱ्यानं तक्ता वाचला आणि विचारलं, की आपण गाडी घेतोय की अतिदक्षता विभाग?

बाळाला सासूबाईंकडे सोपवून निघताना त्यानं एकच अट घातली. एक तास मोबाइलला कान लावायचा नाही. मी त्याच्यादेखत मोबाइल पर्समध्ये टाकला. ॲप चालूच होतं, फक्त आवाज शून्यावर. हे खोटं बोलणं नव्हे. त्यानं ते विचारलंच नव्हतं.

वापरलेल्या गाड्यांच्या त्या शोरूममध्ये एक टायवाले गृहस्थ आम्हाला थेट कोपऱ्यातल्या राखाडी गाडीपाशी घेऊन गेले. म्हणाले, एकाच मालकिणीची आहे. एक आजी होत्या, एकट्याच. कायम मागच्या सीटवर बसायच्या.

“मग आता त्या?” मी विचारलं.

“आता गाडी आमच्याकडे आहे,” ते म्हणाले, आणि त्यांनी दार उघडलं.

आत बसलो. दार लागलं आणि रस्ता गप्प झाला. शेजारून ट्रक गेला तोही चोरपावलांनी. टायवाल्यांनी माझा मोबाइल मागून घेतला, गाडीला जोडून एक गाणं लावलं, आवाज वाढवला आणि सगळा मागच्या स्पीकरवर नेऊन दाखवला. म्हणजे पुढच्या दोघांना निवांत बोलता येतं म्हणे. मग गाणं बंद केलं आणि स्वतः मागे जाऊन बसले. नवरा चालवत होता, मी त्याच्या शेजारी.

दुसऱ्या वळणावर मला श्वास ऐकू आला. संथ, ओलसर, थोडा घरघरता. म्हटलं, टायवाल्यांना सर्दी दिसते. नवऱ्यानं आरशातून मागे पाहिलं आणि काच थोडी खाली केली. तेवढ्यात टायवाले पुढे वाकले आणि अत्यंत अदबीनं विचारते झाले, “मॅडमना दम्याचा त्रास आहे का?”

मी श्वास रोखला. नवऱ्यानंही रोखला. टायवाल्यांनी तर तोंडावर हातच ठेवला.

श्वास चालूच होता.

मग पाऊल वाजलं. कुणीतरी अंग टाकून बसलं, आणि मागून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. मऊ, लाडिक, अगदी कानाशी.

“गेली एकदाची. आता आपण दोघंच.”

टायवाल्यांनी पाय वर सीटवर घेतले. एक बूट खाली राहिला.

“किती घट्ट बांधून ठेवलंय तुला. थांब हं, सोडते.”

टायवाल्यांचा हात आपसूक सीटबेल्टकडे गेला आणि त्यांनी तो आणखी आवळला.

“पकड माझं बोट. पकड, पकड. अस्सं.”

“मी काहीही पकडलेलं नाही,” टायवाले म्हणाले. कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता. त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, पण स्टिअरिंगवरचे हात काही काढले नाहीत.

“हा आवाज मी ऐकलाय,” तो म्हणाला. “फार पूर्वी. मी एवढासा होतो तेव्हा.”

खरं सांगते, माझं सगळं पदार्थविज्ञान तिथंच उतरलं. मनात एकच आलं, की घरी बाळ आहे आणि मी इथं. मागे वळून पाहायचीही छाती होईना.

आवाज पुढे बोलत होता. “तुझे श्वास मोजायला ती आहे. माझे कोण मोजणार? म्हातारीचं एक बरं असतं बघ. कुणी कान लावत नाही. सकाळी ओट्यापाशी पुन्हा अंधारी आली. सांगायचं नाही हं. उगाच गाडी बघायची सोडून बसेल. तिचा जीव आधीच...”

वाक्य तिथंच तुटलं. काहीतरी धातूचं खाली पडलं आणि गोल गोल फिरत निवांत थांबलं. मग काहीच नाही. श्वाससुद्धा नाही.

आणि त्या शांततेत एक खेळणं वाजायला लागलं. पाच सूर, त्यातला चौथा गिळलेला. सेल उतरलाय म्हणून गिळतो तो. महिनाभर मी बदलीन म्हणतेय.

बाळाचा श्वास हजारात ओळखणारी मी! श्वास नाही ओळखला, सासूबाईंचा आवाज नाही ओळखला. ओळखलं ते प्लॅस्टिकचं बदक.

“आई आहेत. मोबाइल अजून गाडीला जोडलेलाच आहे,” मी म्हणाले. “गाडी घरी घे.”

“म्हणजे तू ॲप...” नवऱ्यानं सुरुवात केली आणि गिअर टाकला. रस्ताभर मी “आई, आई” अशा हाका मारत होते. यंत्र फक्त ऐकतं, बोलत नाही, हे मला माहीत होतं तरी मारत होते. मागे टायवाले डोळे मिटून त्यांना येत असलेली सगळी स्तोत्रं पुटपुटत होते. गाडी उत्तम पळाली. वळणावर जराही कलली नाही. हा माझ्या तक्त्यातला एकोणिसावा रकाना.

जिन्यावरून धावत गेलो. सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या, पाठ पलंगाला टेकून. चेहरा पिठासारखा. बाळ मांडीवर, दोन्ही हात मोकळे, त्यांचं बोट मुठीत धरलेलं. वाटी कोपऱ्यात पालथी. अंधारी आली तशा त्या आधी बाळाला छातीशी धरून खाली बसल्या होत्या. मग वाटी गेली, शुद्ध जरा गेली. बाळ मात्र हातातून गेलं नाही.

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग दारातल्या एका बुटावर उभ्या असलेल्या परक्या माणसाकडे.

“घेतली का गाडी?” त्यांनी विचारलं. नोटीस बोर्डाचा आवाज परत आला होता.

मी त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसले. त्यांची नजर खिळ्यावरच्या यंत्राकडे गेली आणि त्यांना सगळं समजलं.

“ऐकलंस?”

“ऐकलं.”

“म्हटलं होतं,” त्या म्हणाल्या. आणि मग, वर न बघता, “सेल बदल त्या बदकाचा.”

दवाखान्यात त्याच गाडीनं नेलं. रक्तदाब कमी होता आणि दोन महिन्यांपूर्वीच दाखवायला हवं होतं, असं डॉक्टरांनी सगळ्यांना, टायवाल्यांनासुद्धा, सुनावलं. येताना सासूबाई मागच्या सीटवर टेकून म्हणाल्या, “हिचा आवाज होत नाही. बरी आहे.” टायवाल्यांनी तेव्हा घाईघाईनं खुलासा केला, की त्या आजी खुशाल आहेत, लेकीकडे राहायला गेल्या आहेत. हे आधी का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाले, मघाशी त्यांनाच खात्री वाटत नव्हती.

तर तीच गाडी घेतली. तक्त्यात त्रेचाळिसावा रकाना आहे आता, सासूबाईंच्या गोळ्यांचा.

पण एक अडचण आहे. त्यांच्या खोलीत यंत्र लावायला त्यांनी साफ नकार दिलाय. मी दाराशी गेले की म्हणतात, आली कान लावायला. आज मी हे लिहायला बसल्यापासून पलीकडून काहीच आवाज नाही. झोपल्या असतील. झोपल्याच असतील. तरी तुम्ही जरा डोकावून येता का? माझं नाव सांगू नका. म्हणावं, सहज आलो होतो.