वानखडे आणि त्याचे जंतू

पुंडलिक वानखडे कुणालाही पहिल्यांदा भेटला की नाव-गाव विचारायच्या आधी विचारायचा, "लहानपणी तुले काय काय झालं होतं गा?" समोरचा 'गोवर' म्हणाला की स्वारी खूश. गोवर आणि वर गालगुंडही म्हणाला, तर चहा.

सत्तरच्या दशकात नागपुरात मेडिकलला असताना आम्ही होस्टेलच्या एका खोलीत राहायचो. वर्गात ज्याला त्याला सर्जन व्हायचं होतं. उरलेल्यांना हृदय हवं होतं. साथीच्या रोगांचा वॉर्ड म्हणजे शिक्षा. तिथली पाळी आली की निम्मी बॅच आजारी पडायची, आणि तीही पाठदुखी, मुरगळलेला पाय अशा बिनधोक आजारांनी.

"लसी आल्या, कॅप्सूल आल्या. आता या रोगांत राहिलंय काय?" एकदा सर्जरीचे सर तासाला म्हणाले.

वानखडे उभा राहिला. "सर, जंतूंले हे कोणी सांगतलं का?"

जंतूंबद्दल तो सोयऱ्याधायऱ्यांसारखं बोलायचा. "टायफॉइड सभ्य आहे. ताप पायरी पायरीनं चढवते. मलेरिया टाइमाचा पक्का. पण कॉलरा? काही रीतभातच नाही त्याले!" मेसमध्ये हे सुरू झालं की आजूबाजूच्या ताटांतला वरणभात आपोआप उरायचा. वानखडे मात्र दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा.

सक्करदऱ्याला मुलगी पाहायला गेला, तेव्हा मी सोबत होतो. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "पुढं काय करणार?"

"साथीच्या रोगांच्या वॉर्डात राहीन."

वडिलांनी खुर्ची जरा मागे घेतली. "आणि रोज तिथून घरी येणार?"

"मंग! जेवाले तं घरीच येईन ना."

त्यानंतर चहा काही आला नाही.

फायनलच्या तोंडावर मला कांजिण्या उठल्या आणि माझी रवानगी त्याच वॉर्डात झाली. वानखडेनं दारातच टाळी वाजवली. "वा! काय सुंदर पुरळ आहे गा तुह्यं!" ज्युनियर पोरांना बोलावून त्यानं माझी पाठ दाखवली. बाकीचे मित्र आले, खिडकीत संत्री ठेवून लांबूनच हात हलवून गेले. ती संत्री सोलायला खाटेवर बसायचा तो वानखडेच.

पलीकडच्या खोलीत घटसर्पातून उठलेली एक पोरगी होती. तिच्या आईला आत सोडत नसत. वानखडे आईचे निरोप आईच्याच आवाजात आत पोचवायचा, "दूध पी वं, नाही तं मामाले सांगीन!" पोरीचं हसणं मला इकडे ऐकू यायचं.

एकदा मी विचारलंच, "काहून बे, एवढा हुशार तू. सर्जरी सहज मिळेल. मग इथंच का?"

तो संत्र्याच्या शिरा काढत राहिला. "मायबाप लहानपणीच गेले माहे. रविवारी तुम्हा सगळ्यायचे लोक येतात होस्टेलवर, डबे येतात. माह्याकडे कोण येते? मी मंग इकडे येतो. इथंही कोणाकडे कोणी येत नाही. मी दारात दिसलो का सगळ्यायच्या माना वळतात गा." सोललेली फोड माझ्या हातावर ठेवत म्हणाला, "माही वाट पाहून राह्यतात."

पुढे मी सर्जन झालो आणि तो खरोखरच साथीच्या रोगांत राहिला. मला मात्र वॉर्डातून सुटलो तो दिवस आठवतो. माझी पिशवी घेऊन तो फाटकापर्यंत आला. रिक्षा हलली तसा म्हणाला, "येजो गा पुन्हा."

मग एकदम ओशाळला. रिक्षाबरोबर चार पावलं चालत म्हणाला, "म्हणजे, पेशंट म्हणून नाही. असाच."