शुक्रवारचे तीन चहा

"गिडियन कुठ्ठं जात नाही. माझ्यावर सोडा!"

थेल्मा सगडनने क्लबच्या बारमध्ये, सगळ्यांच्या देखत, ग्लास टेबलावर आपटून हे जाहीर केलं, तेव्हाच तिच्या नवऱ्याने, क्लिफर्डने, डोळे मिटून घेतले. थेल्माने 'माझ्यावर सोडा' म्हटलं की काय सुटतं आणि कुणावर सुटतं, याचा त्याला उभ्या संसाराचा अनुभव होता.

पण प्रसंगच तसा होता. थॉर्नरॉइड गावच्या 'वीव्हर्स' संघाचा रग्बी लीगचा हंगाम फेब्रुवारीत चिखलात सुरू झाला आणि जून उजाडला तरी चिखलातून वर आलाच नव्हता. पहिला कप्तान गुडघ्यामुळे घरी बसला. दुसऱ्याचं सराव चालू असताना चेंडूवरून प्रशिक्षकाशी भांडण झालं आणि तो भावाच्या दुकानात गाद्या विकायला लागला. मे महिन्यात घरच्या मैदानावर असा मार खाल्ला की गुण लावणारा म्हातारा फलक तसाच सोडून रागारागाने निघून गेला. अख्खं गाव खालच्या गटात घसरायच्या तयारीला लागलं होतं.

आणि जुलैत गिडियन कोम्बा आला! पापुआ न्यू गिनीच्या डोंगरातला, दाराएवढा रुंद, आणि बोलणं इतकं हळू की दोनदा विचारावं लागे. चेंडू काखेत धरून तो निघाला की समोरच्या संघाचे तिघे त्याला लोंबकळत बरोबर यायचे. वीव्हर्स जिंकू लागले. ज्यांनी हंगामाची तिकिटं रागाने फाडली होती, ते चिकटपट्टी शोधू लागले.

आता शेवटचा सामना उरला होता. शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला, घरच्या मैदानावर, आणि तोही टेकडीपलीकडच्या ब्रॅकनशॉशी. या गावाचं नाव थेल्मा घरात घेऊ देत नसे. जिंकलं तर वीव्हर्स वरच्या गटात टिकणार. हरलं तर घसरणार, आणि घसरलेल्या क्लबात गिडियन थांबणार कशाला? ब्रॅकनशॉचे अध्यक्ष त्याच्यासाठी करार खिशात घालूनच फिरत होते.

थेल्माचं म्हणणं असं, की माणसं पैशासाठी जात नाहीत, कुणी घरी बोलावत नाही म्हणून जातात. गिडियन लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत एकटाच राहायचा. समोर राहणाऱ्या एडना इबॉट्सनने त्याला खिडकीत उभं राहून डब्यातला राजमा थंडच खाताना पाहिलं होतं, आणि ते गावभर सांगितलं होतं. तेव्हा थेल्माने चाहत्यांच्या मंडळात फर्मान काढलं: सामन्याच्या आत गिडियनला चहाला बोलवा.

थॉर्नरॉइडमध्ये चहा म्हणजे काय, हे कुणी कुणाला सांगत नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हापासून संध्याकाळी कामावरून आल्यावर पोटभर जेवतात, त्याला चहा म्हणतात. त्यात चहा असतो, पण पानात वाढलेल्या मिठाइतका. गिडियनला हे कोण सांगणार? त्याच्या डोक्यात चहा म्हणजे कपभर चहा. जो तो बोलवू लागल्यावर त्याला बरंच वाटलं, आणि तो प्रत्येकाला एकच सांगत सुटला, की शुक्रवारी सामन्याआधी येईन, कपभर चहाने अंगात तरतरी येते.

थेल्माला यात काही वावगं वाटलं नाही. एवढा आडवा माणूस उपाशीपोटी खेळणार तरी कसा?

शुक्रवारी तिने सकाळपासून चंग बांधला. मटण-बटाट्याची पाई, म्हणजे कणकेच्या पारीत भाजलेलं सारण, त्यावर रस्सा, बाजूला वाटाणे, लोणी लावलेले पाव, आणि मागून गरम पुडिंगवर कस्टर्ड. पाच वाजून गेल्यावर गिडियन आला. सावकाश आला. दारात त्याने चौकटीला हात टेकला, कपाळाचा घाम पुसला आणि मोठ्या कष्टाने हसला.

"घरची आठवण येते रे बाळा?" थेल्माने विचारलं.

"चहा झाला की बरं वाटेल, आई," गिडियन म्हणाला.

'आई' म्हटल्यावर थेल्मा विरघळलीच. तिने पाई कापली ती चौथाईच कापली. ताट समोर आल्यावर गिडियनने डोळे मिटले आणि ओठ हलवले. तो देवाचं नाव घेतोय असं समजून क्लिफर्डनेही मान खाली घातली.

गिडियनने ताट स्वच्छ केलं. त्याच्या गावात ताटात टाकणं म्हणजे वाढणारीच्या तोंडावर टाकणं. थॉर्नरॉइडात ताट स्वच्छ दिसलं, की पाहुण्याचं पोट भरलेलं नाही असं समजतात. थेल्माने पुन्हा वाढलं. त्याने पुन्हा स्वच्छ केलं. ती आनंदाने क्लिफर्डकडे बघत होती. क्लिफर्ड मात्र गिडियनच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघत होता, कारण ते काही फार वेळ टिकेल असं दिसत नव्हतं.

पुडिंग निम्मं संपलं आणि फोन वाजला. एडना होती. आनंदाने तिचे शब्द एकमेकांवर आदळत होते. गिडियनने तिच्याकडचं स्ट्यू दोनदा घेतलं, डंपलिंग एकही ठेवलं नाही, आणि तिथून तो आपल्या क्लबचे अध्यक्ष हॅरल्ड ब्रिअर्ली यांच्याकडे गेला. त्यांच्या बाईंची डुकराच्या मांसाची पाई तर त्याने मधोमध कापून...

थेल्माने फोन खाली ठेवला. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"बाळा," तिने हळूच विचारलं, "हा कितवा चहा?"

"तिसरा," गिडियन म्हणाला. मग जरा थांबून, कुणाचं मन दुखणार नाही अशा बेताने त्याने विचारलं, "आई, तुमच्याकडे चहा पितात कधी?"

घरात हलकल्लोळ उडाला. थेल्माने सोडा पाण्यात घातला, पण गिडियनने पोटावर हात ठेवून सांगितलं, की आत पाण्यालाही जागा नाही. मग तिने क्लिफर्डला हुकूम सोडला, की याला घेऊन चढावर फिरून ये, जिरू दे. दोघं गेले. परत आले तेव्हा गिडियनचा रंग आणखी उतरला होता आणि हातात अर्धा कस्टर्डचा केक होता.

"चढावर घरं आहेत ना," क्लिफर्ड कळवळून म्हणाला. "प्रत्येक दारात कुणी ना कुणी उभं! सामन्याला शुभेच्छा म्हणून देतात. मी काय करू?"

मैदानावर कपडे बदलायच्या खोलीत दुसरंच घोडं अडलं. गिडियनची अर्धी चड्डी वर चढेना. कपडे सांभाळणाऱ्याने सगळ्यांत मोठी आणली, तीही मांडीपाशी थांबली. शेवटी शिवण उसवून तिथे पट्टी लावली. प्रशिक्षक डेनिस ऑल्ड्रॉइड यांनी त्याला वरून खाली पाहिलं आणि हे कुणाचं काम, असं विचारलं. गिडियन उसवलेली शिवण चाचपत राहिला. ज्यांनी जेवू घातलं त्यांची नावं सांगणार कशी?

थेल्मा दाराबाहेरच उभी होती. ती आत आली. सगळे अर्धे कपडे घातलेले, पण तिला त्याचं भान नव्हतं.

"डेनिस, मी केलंय," ती म्हणाली. "याला रागावू नकोस."

डेनिस ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी शांतपणे म्हणाले, "थेल्मा, आज हरलो तर पुन्हा या मैदानात पाऊल टाकू नकोस."

लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून ती या मैदानात आली होती. ती गुपचूप जाऊन आपल्या जागेवर बसली, आणि क्लिफर्डने तिचा हात धरला तो सोडला नाही.

सामना सुरू झाला तो श्वास घ्यायला उसंत न देता! डेनिसनी गिडियनला राखीव बाकावर ठेवलं. बाकाचं दुसरं टोक वर उचललं जायचं, म्हणून तिकडे दोघांना बसवलं. ब्रॅकनशॉने पहिल्यांदा चेंडू रेषेपलीकडे टेकवला. वीव्हर्सनी लगेच परतफेड केली. पुन्हा त्यांनी, पुन्हा यांनी. गाव उभं राहून किंचाळत होतं. एडनाने समोरच्या माणसाची टोपी आनंदाने पिळून टाकली होती. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा वीव्हर्स अठरा, ब्रॅकनशॉ सोळा!

आणि तेवढ्यात वीव्हर्सचा एक धिप्पाड गडी लंगडत बाहेर आला. त्याच्या जागी पाठवायला बाकावर एकच माणूस होता.

गिडियन मैदानात चालत गेला. धावत नाही, चालत! ब्रॅकनशॉकडच्या बाजूने हशा उठला. खेळ या टोकाला गेला की तो तिकडे निघायचा, आणि अर्ध्या वाटेत असताना खेळ परत यायचा. शेवटी तो आपल्याच रेषेवर, खांबांच्या मधोमध थांबला. त्याने काही डाव मांडला होता म्हणून नव्हे, तिथून हलायची ताकद उरली नव्हती म्हणून.

शेवटचं मिनिट. ब्रॅकनशॉकडे चेंडू; सहा वेळा पाडलं की चेंडू सोडावा लागतो, त्यांना पाचदा पाडून झालेलं, आता अखेरची संधी. त्यांचा कप्तान, मानच नसलेला गडी, चेंडू छातीशी धरून थेट खांबांच्या मधे घुसला. एक चुकला, दुसरा सुटला, समोर फक्त गिडियन. थेल्माने डोळे मिटले. क्लिफर्डने उघडे ठेवले, म्हणून पुढचं आपल्याला कळतं. कप्तान आला तो पूर्ण वेगाने गिडियनच्या पोटावर आदळला, क्षणभर तिथेच रुतला आणि जसा आला तसा मागे फेकला गेला. चेंडू हातातून उडून मागे कुंपणापलीकडे गेला, आणि भोंगा वाजला!

वीव्हर्स टिकले! लोक कठडे ओलांडून धावले. आणि त्या गदारोळात गिडियनने असा एक ढेकर दिला की पंचांनी दचकून पुन्हा शिट्टी वाजवली.

पण थेल्माचा जीव अजून टांगणीलाच होता. ब्रॅकनशॉचे अध्यक्ष हरूनही सरळ गिडियनपाशी आले. सगळ्यांसमोर त्यांनी दुप्पट पगार सांगितला, घर सांगितलं, गाडी सांगितली. आजूबाजूचा आरडाओरडा विरत गेला. थेल्मा गर्दीतून वाट काढत पुढे आली.

"नाही जमणार," गिडियन म्हणाला.

"आणखी किती पाहिजे?"

"पैशाचं नाही. मी यांचं खाल्लंय. आमच्याकडे ज्याने जेवू घातलं त्याला त्याहून जास्त जेवू घातल्याशिवाय गाव सोडता येत नाही. लोक तोंडावर थुंकतील." त्याने थेल्माकडे पाहिलं. "आणि या आईने तर फार वाढलं."

थेल्मा ढसाढसा रडली. एडना तिच्याहून मोठ्याने रडली. हॅरल्ड ब्रिअर्लींनी तिथल्या तिथे तीन वर्षांचा करार पुढे केला आणि गिडियनने डेनिसच्या पाठीवर ठेवून सही केली.

रविवारी सकाळी क्लिफर्ड चहाचा कप घेऊन मागच्या दारी गेला आणि कप त्याच्या हातातून पडला. प्रदर्शनात मांडण्यासाठी त्याने वर्षभर जपलेला, मनगटाएवढ्या लीकचा, म्हणजे जाड विलायती कांदापातीचा, वाफा जागेवर नव्हता. तिथे माणूस उभा राहील एवढा खड्डा होता, आणि खड्ड्यात गिडियन फावडं घेऊन उभा होता. दगड तापत होते. दोन अख्खी डुकरं कोबीच्या पानांत गुंडाळून तयार होती, आणि ती पानं कुणाच्या कोबीची, हे विचारायची क्लिफर्डला गरज पडली नाही.

दुपारी सगळी गल्ली जमली. खड्डा उघडला तसा वास चढावरच्या शेवटच्या घरापर्यंत गेला. पहिलं पान थेल्माचं! मांस, रताळी, बटाटे, वर पुन्हा मांस. तिने संपवलं. गिडियनने पुन्हा वाढलं. तिने नको म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याचा चेहरा पडलेला दिसला, आणि तिने घास घेतला. तिसऱ्या वेळी एडना तिला वारा घालत होती. चौथ्या वेळी तिला खुर्चीसकट सावलीत न्यावं लागलं.

संध्याकाळी सगळे पांगले. थेल्मा डोळे अर्धवट मिटून खुर्चीत पडली होती. गिडियन शेजारी गवतावर येऊन बसला. तो इतका खूश होता की थेल्माला त्या अवस्थेतही बरं वाटलं.

"झाली ना रे बाळा फेड?" तिने विचारलं. "आता बरोबरी झाली."

"बरोबरी?" गिडियनला हा शब्दच पटला नाही. "बरोबरी कधी होत नाही, आई. आता तुमची पाळी. आणि यापेक्षा मोठं करायचं."

 थेल्माने मोठ्या कष्टाने मान वळवून क्लिफर्डला विचारलं, की करार नक्की किती वर्षांचा केलाय.  क्लिफर्ड उरलेल्या बागेकडे बघत होता, तिथे आणखी किती खड्डे मावतील याचा अंदाज घेत.